खिशात किल्ली असलेला माणूस

अण्णांना माणसं मागून ओळखू येतात. समोरून आलेल्या माणसाचं नाव त्यांना पटकन आठवत नाही, पण पाठमोरा कुणी रस्त्याच्या पलीकडून चालला असला, तरी गिऱ्हाइकाच्या कानाशी कात्री थांबवून ते सांगतात, "टपालवाला चालला बघा. या खेपेला बायकोकडून कापून घेतलेत. डावीकडे पायरी पडलीय." जन्मभर माणसांच्या मागे उभं राहिलं की असं होतं. त्यांची बायको म्हणते, "लग्नात यांनी माझं तोंड पाहिलं की नाही कोण जाणे, अंबाडा मात्र नीट पाहिला." अण्णा यावर हसतात आणि नाही म्हणत नाहीत.

सलून वडिलांच्या वेळचं. खुर्च्या दोन, चालती एक. दुसरीची पाठ एकदा मागे गेली ती पुन्हा पुढे यायला तयार नाही, म्हणून तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं आरामात पडलेली असतात. भिंतीवर मोठा आरसा आणि खिळ्याला अडकवलेला हातआरसा. केस कापून झाले की अण्णा हातआरसा गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे धरतात, गिऱ्हाईक गंभीर चेहऱ्याने मान हलवतं आणि उठतं. मागचं कुणाला ओ की ठो कळत नाही. तरी आरसा दाखवला नाही तर माणसाला फसल्यासारखं वाटतं. अण्णांचं स्वतःचं डोकं तिशीतच साफ झालं. सलूनवाला टकला, यावर बाजारात व्हायचे तेवढे विनोद होऊन गेलेत, आता कुणी त्या वाटेला जात नाही.

सलूनच्या समोर चष्म्यांचं दुकान. त्याच्या मालकाला अख्खा बाजार हिरो म्हणतो. हा अण्णांचा शाळेपासूनचा दोस्त. दर पंधरवड्याला तो सलूनमध्ये येतो, चष्मा काढून फणीशेजारी ठेवतो आणि डोळे मिटून सुरू करतो, "त्या दिवशी ऊन असं होतं म्हणून सांगू..."

त्या दिवशी म्हणजे 'पाहुणा'च्या शूटिंगच्या दिवशी. पाहुणा हा सिनेमातला गुप्तहेर. दर सिनेमात कुणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून उतरतो, पाहुणचार झोडतो आणि जाताना यजमानाचं गुपित घेऊन पसार होतो. पहिला सिनेमा 'पाहुणा आला', दुसरा 'पाहुणा राहिला', तिसरा 'पाहुणा परतला'. परतला म्हणजे संपलं असं लोकांना वाटलं होतं, तर त्यानंतर आणखी बरेच आले. खरे पाहुणेही असेच असतात, असं अण्णांच्या बायकोचं मत.

तर तिसऱ्या सिनेमाचं थोडं शूटिंग याच बाजारात झालं. अण्णा आणि हिरो तेव्हा विशीतले. सिनेमावाल्यांनी बाजारातल्या पोरांना सारखे करडे कोट घातले, हातात मिटलेल्या छत्र्या दिल्या आणि सांगितलं, चालत राहा, मागे बघू नका. मागून पाहुणा पळत येणार, एकाला धक्का देणार आणि धक्क्याच्या निमित्ताने त्याच्या कोटाच्या खिशात तिजोरीची किल्ली सोडून निघून जाणार. बिचाऱ्याला पत्ताही नाही. सिनेमात धक्का बसताच चित्र तुटतं, तो माणूस किल्लीसकट गर्दीत नाहीसा होतो आणि पुढच्या कुठल्याही भागात सापडत नाही. पडद्यावर त्याची फक्त पाठ दिसते. एवढीशी पाठ, पण सिनेमाचे वेडे लोक आजही तिच्यावर तासन्‌तास बोलतात.

ती पाठ आपली, असं हिरो सांगतो. खोटं बोलत नाही बरं का तो. त्या दिवशी तो सकाळपासून उन्हात चालला होता, पाहुण्याने त्याला पाच-सहा वेळा धक्का दिला होता. सिनेमा लागला तेव्हा पडद्यावर ती पाठ दिसली मात्र, हा खुर्चीवर उभा राहिला आणि "मी, मी" म्हणून ओरडला. मागच्यांनी खाली ओढून बसवला. तेव्हापासून गोष्ट चालू आहे आणि वाढते आहे. सुरुवातीला नुसता धक्का होता. मग धक्क्यानंतर नट "माफ करा" म्हणाला. मग त्याने खांद्यावर हात ठेवला. अलीकडे तर दोघांनी सावलीत बसून चहा घेतला आणि नटाने आपल्या चष्म्याचा नंबर वाढलाय का, असं हिरोलाच विचारलं.

अण्णा मध्ये कधी बोलले नाहीत. आणि त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की ती पाठ हिरोची नाही.

साधी गोष्ट होती. हिरोच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात म्हणतात, याचं एकच झालं आणि तेवढ्यातच तो थकला, ते सोडा. पण पडद्यावरच्या डोक्याला भोवरा एकच, उजवीकडे कललेला. वस्तरा हातात घेतलेल्या माणसाला हे दिसणार नाही तर कुणाला दिसणार? ते डोकं कुणाचं, हे मात्र अण्णांना कधी कळलं नाही. बाजारातल्या सगळ्या मुंडक्यांवरून त्यांचा हात फिरला, तो भोवरा काही सापडला नाही. असेल कुणी बाहेरचा, आला आणि गेला, म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

अण्णांनीही त्या दिवशी कोट घातला होता, पण त्यांची कथा वेगळी आणि लाजिरवाणी. त्यांना एकदाच धक्का बसला. तोही असा, की छत्री उडाली. बजावून सांगितलं होतं मागे बघू नका, आणि हे गर्रकन वळले आणि एवढ्या मोठ्या नटाच्या तोंडावर म्हणाले, "डोळे फुटले का रे?" भोंग्यावरून ओरडणारा माणूस धावत आला, अण्णांचा कोट उतरवला, छत्री काढून घेतली आणि त्यांना बाजाराच्या तोंडाशी नेऊन सोडलं. ते वाया गेलेलं चित्रण फेकून दिलं असणार, यात अण्णांना शंका नव्हती. वडिलांनी ऐकलं असतं तर चामडी लोळवली असती, म्हणून घरी बोलले नाहीत. हिरोला सांगितलं, वडिलांनी दुकानात बोलावलं. मग तेच सगळ्यांना सांगत राहिले, लग्न झाल्यावर बायकोलासुद्धा.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग संग्रहालयात पाहुण्याचं प्रदर्शन आलं.

ती खबर सलूनमध्ये आणली एका सुताराने. प्रदर्शनाची कपाटं ठोकून तो दाढी करायला आला होता. "पाहुण्याचे कोट आलेत," तो साबणाच्या फेसातून सांगत होता. "पिस्तुलं आलीत. लाकडाची आहेत, मी बोटाने वाजवून बघितली. आणि एका भिंतीवर तो बाजारातला धक्का दाखवणार आहेत, मूळचा, न कापलेला. सिनेमात पाठच दिसते ना? यात तो माणूस वळतो. तोंड दिसतं."

अण्णांचा वस्तरा सुताराच्या गळ्याशी थांबला. "तोंड दिसतं?"

"स्वच्छ. आवाज नाही, पण तोंड दिसतं. अण्णा, हात काढता का जरा?"

त्या दिवशी अण्णांनी घरी येऊन बायकोला भोवऱ्याचं सगळं सांगून टाकलं. ती लसूण सोलत होती. ऐकून म्हणाली, "म्हणजे भाऊजींची गोष्ट खोटी."

"खोटी नाही. चुकीची."

"मग तुम्हाला कशाला घाम फुटलाय? कळलं तर कळलं. पोटभर मिरवून झालं की त्यांचं."

अण्णांना समजावून सांगता येईना. हिरोच्या दुकानात दिवसाला दोन गिऱ्हाइकं येतात, त्यातलं एक चष्म्याची दांडी फुकट आवळून घ्यायला. मुलगा दूर राहतो, घाईघाईत फोन करतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हिरोकडे आता ही एक गोष्ट आणि त्या गोष्टीपायी जमलेली ती पोरं, एवढंच आहे. 'किल्ली मंडळ' म्हणून पाहुण्याच्या वेड्यांचं टोळकं आहे, दातांची एक तरुण डॉक्टर त्याची म्होरकी. ही मंडळी गळ्यात एकेक किल्ली घालतात. एकमेकांच्या, नाहीतर कुणा बेसावध माणसाच्या खिशात हळूच किल्ली सोडायची आणि ज्याच्या खिशात सापडेल त्याने चहा पाजायचा, असला त्यांचा पोरखेळ. किल्लीवाला माणूस आपल्याच गावात चष्मे विकतो हे कळल्यापासून संध्याकाळी हिरोच्या बाकावर जागा मिळत नाही. काका सांगा ना, काका मग काय झालं. हिरोनेही एक पितळी किल्ली करून घेतली आणि तीही गळ्यात लटकवली. या वयात. मंडळाने मोठ्या थाटात ठरवलं होतं की प्रदर्शनाच्या पहिल्या रविवारी काकांना घेऊन जायचं, आणि त्या चित्राखाली 'अनोळखी माणूस' अशी जी पाटी आहे तिथे काकांचं नाव लावून घ्यायचं. संग्रहालयाच्या बाई तयारही झाल्या होत्या.

"सगळ्यांसमोर तोंड दिसणार," अण्णा म्हणाले, "आणि ते त्याचं नसणार. दुसऱ्या दिवसापासून त्या बाकावर कोण बसेल?"

बायकोच्या हातातला लसूण तसाच राहिला. "मग त्यांना नेऊच देऊ नका," ती म्हणाली.

अण्णांनी करून पाहिलं. हिरोला सांगितलं, संग्रहालयाच्या पायऱ्या फार उंच आहेत. तो म्हणाला, मी रोज माळा चढतो. सांगितलं, गर्दीत गुदमरशील. तो म्हणाला, गर्दीतच तर मी प्रसिद्ध झालो. शेवटी, मला तुझा रंग बरा दिसत नाही, असंही सांगून झालं. हिरोने चष्मा पुसून अण्णांकडे निरखून पाहिलं. "अण्णा, तुला जळजळ होतेय का रे?" त्याने प्रेमाने विचारलं. "तू पण ये की. वहिनींना आण." झालं. अण्णा निमूटपणे रविवारची तयारी करू लागले.

रविवारी संग्रहालयाच्या दारात मंडळ हजर. सगळे करड्या कोटात, उकाड्यात निथळत, काळे चष्मे लावून. इतके गुप्त की येणारा-जाणारा थांबून बघत होता. हिरोने नवा शर्ट घातला होता आणि त्यावर किल्ली. अण्णांची बायको ठेवणीतलं लुगडं नेसली होती. आत गेल्या गेल्या मंडळी एका कोपऱ्यातल्या पांढऱ्या पेटीभोवती जमली. पेटीवर काटा हलत होता, बारीक टिकटिक येत होती. कुणी म्हणालं बिनतारी यंत्र, कुणी म्हणालं बॉम्ब, दुसऱ्या भागातला. डॉक्टरने गुडघे टेकून तिचे फोटो काढले. मग पहारेकऱ्याने येऊन सांगितलं की ती पेटी हवेतला ओलावा मोजते आणि कृपया हात लावू नका. तरीही दोघांचा विश्वास बसला नाही. तो असं म्हणणारच, ते एकमेकांना म्हणाले.

हे पाहून अण्णांच्या डोक्यात किडा वळवळला.

धक्क्याचं चित्र शेवटच्या दालनात होतं. हिरो पाहुण्याच्या कोटापाशी रमला होता, अण्णांची बायको शेजारच्या बाकावर टेकली होती. अण्णा डॉक्टरच्या मागे जाऊन उभे राहिले आणि ओठ न हलवता म्हणाले, "मागे बघू नका. खरी वस्तू इथे नाहीच. बाजूच्या दालनात जा. डावीकडून तिसरं मडकं. मी काही बोललो नाही."

डॉक्टरचे कान लाल झाले. तिने मागे पाहिलं नाही. तिने पुढच्याच्या कोटाला चिमटा काढला, त्याने त्याच्या पुढच्याच्या, आणि बघता बघता अख्खं मंडळ एका रांगेत, भिंतीला घासत, जुन्या मातीच्या भांड्यांच्या दालनात शिरलं. तिथे कित्येक शतकांपूर्वीची मडकी, रांजण, दिवे. मंडळी तिसऱ्या मडक्यापुढे उभी राहिली ती हलेनात. कुणी तडे मोजू लागलं, कुणी म्हणालं हा नकाशा आहे. अण्णांना वाटलं, जिंकलो. आता हिरोला चहाला बाहेर काढायचं, संध्याकाळपर्यंत गप्पांत गुंतवायचं, तोवर दारं बंद.

पण डाव उधळला घरच्याच माणसाने. अण्णांनी हात टेकले असंच ती धरून चालली होती, या मडक्याच्या बेताचा बिचारीला पत्ता नव्हता. सगळे कुठे गेले म्हणून शोधत ती त्या दालनात पोहोचली आणि ठणकावून म्हणाली, "अगं बाई, इथे मडकी काय बघत बसलात? तिकडे भाऊजी एकटेच शेवटच्या खोलीत गेले, सुरू झालंय ते." मंडळ धावलं. तीही धावली. अण्णा सगळ्यांच्या मागे, पाय ओढत.

अंधाऱ्या दालनात भिंतभर बाजार पसरला होता. तोच बाजार, तेच ऊन, आवाज नाही. करड्या कोटांची पाठमोरी पोरं चालली होती. समोर हिरो मान उंचावून उभा, त्याच्या बाजूला संग्रहालयाच्या बाई, हातात कोरी पाटी आणि पेन. अण्णांना दाराकडे पळावंसं वाटलं आणि हिरोला एकटं सोडवेना. भिंतीवर तो भोवरा आला. एकच, उजवीकडे कललेला. मागून पाहुणा धावत आला, धक्का बसला, छत्री उडाली.

छत्री उडालेली पाहून अण्णांना काहीतरी खटकलं. तोवर भिंतीवरचा माणूस गर्रकन वळला होता. लांब नाक, जाड काळे केस कपाळावर आलेले, रागाने फुगलेला चेहरा. तोंड उघडून तो काहीतरी म्हणाला आणि चित्र तिथेच थांबलं.

अण्णा स्वतःकडे बघत होते.

जन्मभर अख्ख्या गावाची डोकी मागून पाहिली, आणि आपलं डोकं कसं दिसतं हे या माणसाला ठाऊक नव्हतं. कसं असणार? केस वडील कापायचे आणि वडिलांनी पोराच्या डोक्यामागे कधी आरसा धरला नाही. आरसा गिऱ्हाइकासाठी असतो. आणि बघावंसं वाटायच्या वयात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग डॉक्टर हळूच म्हणाली, "काका, किती देखणे होता तुम्ही." दुसरं कुणीतरी म्हणालं, नाक अगदी तेच आहे. तिसऱ्याला हनुवटीत साम्य दिसलं. एवढ्या वर्षांनी कुणाच्या तोंडावरून कोण ओळखणार? माणसाला जे बघायला आलो तेच दिसतं. नाक कुणाचं तेच आहे, हे त्या अंधारात तिघांनाच कळत होतं. अण्णांची बायको तर त्याच केसांकडे बघून लग्नाला हो म्हणाली होती.

तिने भिंतीकडे पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं, टकलापासून चपलांपर्यंत. आणि मग पदर सारखा करून खणखणीत आवाजात म्हणाली, "हो तर. भाऊजी तेव्हा अगदी असेच दिसायचे. मी पाहिलंय ना."

या बाईला आपण आजवर साधी समजत होतो, असं अण्णांना वाटलं.

"पण काका," डॉक्टरने विचारलं, "वळून तुम्ही म्हणालात काय त्याला? ओठ हलतायत."

सगळे हिरोकडे वळले. जो माणूस त्या दिवसाची सावली कुठे पडली होती ते सांगायचा, ज्याच्या गोष्टीत अलीकडे चहा उकळायला लागला होता, त्याने आता चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. भिंतीवरच्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. अण्णांकडे मात्र वळला नाही.

"आठवत नाही," हिरो म्हणाला.

बाईंनी पेन उघडलं. "बरं, नाव काय लिहू?"

अण्णांनी डोळे मिटून घेतले. हिरोने चित्राखालच्या पाटीकडे पाहिलं, 'अनोळखी माणूस'. "आहे तीच राहू द्या," तो म्हणाला. "गुप्तहेराच्या सिनेमात सगळ्यांची नावं सांगून टाकली तर मजा काय राहिली? तो माणूस सापडला नाही म्हणून तर तुम्ही सगळे माझ्याकडे येता. येत जा. मी काय पाहिलं ते सांगेन. कोण होता, ते विचारू नका."

मंडळ भारावलं. याला म्हणतात शिस्त, एकजण पुटपुटला. डॉक्टरने डोळे टिपले. काकांनी हातातोंडाशी आलेली पाटी नाकारली, ही गोष्ट त्यांनी बाहेर पडायच्या आत चार वेळा एकमेकांना सांगितली.

दाराशी गर्दी झाली. अण्णा मान खाली घालून निघाले होते, हिरोला काय सांगावं याची जुळवाजुळव करत. एवढ्यात मागून कुणीतरी असा धक्का दिला की चप्पल निसटली. अण्णा गर्रकन वळले. "डोळे फुटले का रे?"

मागे हिरो उभा होता.

"हं," तो म्हणाला. "मलाही वाटलंच, असंच काहीतरी म्हणाला असणार." आणि मंडळाच्या घोळक्यात शिरून निघून गेला.

ती रात्र अण्णांना जड गेली. सकाळी शर्ट बदलताना खिशातून काहीतरी खळ्ळकन पडलं. बायकोने उचललं. पितळी किल्ली, गळ्यातल्या दोऱ्यासकट. "आता चहा पाजावा लागणार तुम्हाला," बायको म्हणाली.

हिरोचा केस कापायचा दिवस नव्हता, तरी तो दुकान उघडायच्या आधी सलूनच्या पायरीवर येऊन बसला होता. अण्णांनी सलूनचं दार उघडलं आणि पितळी किल्ली पुढे केली. हिरोने हात मागे घेतला.

"धक्का ज्याला बसतो, किल्ली त्याच्या खिशात," तो म्हणाला. "केव्हापासून माहीत होतं तुला?"

"तो मी, हे कालच कळलं. आईशप्पथ. तो तू नाहीस, हे पहिल्यापासून. तुला दोन भोवरे आहेत."

"आणि एवढी वर्षं बोलला नाहीस?"

"तू बोलत होतास ना," अण्णा म्हणाले. "मध्ये जागा कुठे होती?"

हिरो हसला नाही. अण्णांना वाटलं, गेला हा हातचा. मग ते खरं काय ते सांगू लागले, खिशातल्या फणीच्या दात्यांवरून अंगठा फिरवत. "माझा बाप बोलायचा नाही. गिऱ्हाइकं बोलतात ती आपापली दुखणी बोलतात. महिन्यात दोनदा तू यायचास आणि त्या दिवशी ऊन असं होतं म्हणायचास, तेव्हा मला या दुकानातून बाहेर पडल्यासारखं वाटायचं. मी बोललो असतो तर तू सांगायचा थांबला असतास. मला ते नको होतं. झालं समाधान?"

हिरोने समोरच्या आपल्या बंद दुकानाकडे पाहिलं. मग उठला, आत आला आणि चालती खुर्ची झटकली. "बस," तो म्हणाला.

"मी? अरे, मला कापायला आहे काय?"

"बस म्हणतो ना. गोष्ट सांगणारा खुर्चीत बसतो. आज तुझी पाळी."

दुकान हातात आल्यापासून अण्णा त्या खुर्चीत बसले नव्हते. ती त्यांना वाटली होती त्यापेक्षा मऊ निघाली. हिरोने त्यांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, फार घट्ट, आणि मागे उभा राहिला. अण्णांनी आरशात त्याच्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि डोळे मिटले. काय सांगावं कळेना. त्यांना आपलं असं धक्का आणि भोंगा एवढंच आठवत होतं. बाकी सगळा दिवस हिरोच्याच तोंडून ऐकलेला.

"त्या दिवशी ऊन असं होतं म्हणून सांगू," अण्णा म्हणाले. "मी आपला सरळ चाललेलो. उजव्या हातात छत्री..."

"डाव्या," मागून हिरो म्हणाला. "छत्री डाव्या हातात. आणि चहाचं विसरू नकोस."

अण्णांनी कापडाखाली छत्री डाव्या हातात घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.